मेंटॉरिंगचं सर्टिफिकेट घेऊन इंग्लंडला यावं का?

तू विचारलंस, "ताई, आठ वर्षं आयसीयूत आहे, ज्युनियर मुलींना मीच तयार करते. ओएससीईच्या (तिथल्या नर्स-नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या) अभ्यासासोबत कोचिंग-मेंटॉरिंगचा ऑनलाइन कोर्स करू का?" नको. ते पैसे परीक्षेसाठी ठेव.

इथे आल्यावर पहिले काही महिने शिकाऊ तूच असणार. नोंदणी झाली की प्रिसेप्टरशिप सुरू होते, म्हणजे एका अनुभवी नर्सच्या (प्रिसेप्टरच्या) आधाराने काम करायचा सुरुवातीचा काळ. इंग्लंडमध्ये त्यासाठी 2022 पासून राष्ट्रीय चौकट आहे आणि बाहेरून शिकून आलेल्या नर्सेसही तिच्यात येतात. आपल्याकडच्या अनुभवी सिस्टरना याचा राग येतो. गिळून टाक. तुझी प्रिसेप्टर प्रश्न कसे विचारते, कधी गप्प बसते, हे बघायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या बाबतीत नियम एनएमसीचे, म्हणजे इथल्या नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नियामक संस्थेचे. पूर्वी एकच मेंटॉर शिकवायची आणि पास झाल्याची सहीही करायची. 2018 च्या मानकांनी ही कामं वेगळी केली. रोजचं शिकवणं प्रॅक्टिस सुपरवायझरकडे, मूल्यमापन प्रॅक्टिस असेसरकडे, आणि विद्यापीठाकडून तिसरी व्यक्ती. एकाच विद्यार्थिनीची सुपरवायझर आणि असेसर एकाच वेळी एकच नर्स होऊ शकत नाही. मला हे पटतं. जिला रोज हाताशी धरून शिकवलं तिला नापास करताना हात अडतोच. या भूमिकांची तयारी नोकरीतच करून घेतात, म्हणून तर कोर्स नको म्हटलं.

खरी अडचण येते ती आपल्या सवयीमुळे. आपण सांगून मोकळ्या होतो. समज, विद्यार्थिनी बिसोप्रोलॉल (नाडी मंद करणारी गोळी) द्यायला निघाली आहे आणि नाडी आहे 48. आपण म्हणणार, "थांब, देऊ नकोस," आणि पुढच्या बेडकडे वळणार. इथे अपेक्षा अशी : नाडी किती आली? ही गोळी नाडीचं काय करते? मग आता कोणाला विचारशील? एवढं विचारून थांबायचं. ती विचार करत असताना आपण मध्ये बोलायचं नाही, आणि गजबजलेल्या वॉर्डात हेच सगळ्यात कठीण जातं. अर्थात गोळी पेशंटच्या तोंडाशी पोचली असेल तर सरळ हात धर, प्रश्न नंतर. (कोचिंगच्या नावाखाली पेशंट धोक्यात घालणारे उत्साही लोकही असतात.)

ग्रो मॉडेलचं नाव कानावर येईलच : ध्येय काय, सध्या परिस्थिती काय, पर्याय कोणते, नक्की काय करणार. जॉन व्हिटमोर यांनी ते लोकप्रिय केलं. ब्रेकमधल्या दहा मिनिटांच्या बोलण्याला चांगलं. ड्युटीवर क्रम पाळत बसू नकोस.

अभिप्राय त्याच शिफ्टला, बाजूला घेऊन, आणि लेखी. "छान काम केलं" याला किंमत नाही. "मनगटी पट्टीवरून ओळख पटवली, ऍलर्जी विचारायची राहिली" असं लिही. विद्यार्थिनी तुला नावाने हाक मारेल, "असं का?" म्हणून उलट विचारेल, तो उद्धटपणा धरू नकोस.

हे तुझ्याही कामी येतं. दर 3 वर्षांनी रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण असतं. त्यात 35 तासांचं शिक्षण, 5 अभिप्राय आणि 5 चिंतनपर नोंदी लागतात. विद्यार्थिनीने दिलेला अभिप्रायही चालतो. पुढे बँड 6 च्या (वरच्या वेतनश्रेणीच्या पदाच्या) मुलाखतीत तू कोणाला कसं शिकवलंस हे विचारतात. 2021 पासून प्रोफेशनल नर्स ॲडव्होकेट ही भूमिकाही आहे. थकलेल्या सहकाऱ्यांना बोलतं करण्याचं काम त्यात येतं. तुझा स्वभाव पाहता ते तुला जमेल, पण आधी दोन पावसाळे इथे काढ.

आत्ता तिथे करण्यासारखं एवढंच : उद्याच्या ड्युटीवर एका ज्युनियरला उत्तर न सांगता प्रश्न विचारून बघ, आणि घरी येऊन पेशंटचं नाव न घालता चार ओळी लिही. निघण्याआधी मेट्रनकडून पत्र घे. "कष्टाळू, प्रामाणिक" असलं मोघम नको. किती जणींना व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची काळजी घ्यायला शिकवलंस, ते त्यात लिहून घे.