कॉलेजचे बास्केटबॉल सामने बघायला लोक गावोगाव का हिंडतात? इंडियानात मुलाकडे आलो आहोत, आम्ही कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा परड्यूला शिकतोय, तुम्ही दोघं फेब्रुवारीअखेरपर्यंत वेस्ट लाफायेटला आहात, आणि शेजारचे आजोबा एका सामन्यासाठी तीनशे मैल गाडी हाकतात याचं तुम्हाला नवल वाटतंय. मी त्या आजोबांच्याच पंथातला. नोकरीनिमित्त पुण्याहून इंडियानातल्या कोलंबसला आलो, आणि 13 हिवाळ्यांत 46 कॉलेजांची कोर्टं पाहून झाली.

आधी तारखांचं सांगतो, कारण पाहुणे नेमके इथेच फसतात. मोसम नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात असा चालतो. पण डिसेंबरच्या मध्याला परीक्षा संपल्या की विद्यार्थी घरी जातात ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. त्या मधल्या दिवसांत तिकिटं स्वस्त मिळतात आणि बाहेरून आलेली माणसं ती आनंदाने घेतात. मीही घेतली होती. नाताळच्या सुट्टीत बायको-मुलीला घेऊन एका मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठात गेलो. विद्यार्थ्यांची बाकं रिकामी, बँडही नाही. लग्न उरकल्यावर मांडवात जावं तसं वाटलं. मुलगी झोपून गेली. तेव्हा तो काळ टाळा. जानेवारीच्या मध्यानंतर सामने आपापल्या गटातल्या विद्यापीठांशी होतात, जुनी वैरं असतात, आणि पोरं कॅम्पसवर परत आलेली असतात. तेव्हा जा.

आता तुमचा खरा प्रश्न, लोक हिंडतात कशासाठी? खेळ तर सगळीकडे तोच, 94 फुटांचं कोर्ट आणि दहा फुटांवरची रिंग. शिवाय खेळाडू टिकत नाहीत. पूर्वी बरेच जण चार वर्षं राहायचे. 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली, विद्यापीठ बदलणंही सोपं झालं, आणि आता दर वर्षी निम्मा संघ नवा दिसतो. टिकतात ती प्रेक्षकांच्या बाकावरची माणसं. त्याच खुर्चीत तीस-तीस वर्षं बसणारी, आजोबांकडून नातवाकडे जागा देणारी. मी त्यांच्यात जाऊन बसायला जातो. सामना टीव्हीवर जास्त नीट दिसतो हे मला मान्य आहे, पण ही माणसं तिथे दिसत नाहीत.

हे मला पहिल्यांदा कळलं ते हिंकल फील्डहाउसमध्ये. इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठाचं हे कोर्ट, तुमच्यापासून सव्वा तासावर. 1928 साली बांधलेलं. मी भायखळ्यात गिरण्यांच्या शेजारी वाढलो, त्यामुळे बाहेरून बघताक्षणी ओळखीचं वाटलं. विटांच्या भिंती, लोखंडी कमानी, उंच खिडक्या. दुपारचा सामना असेल तर वरच्या खिडक्यांतून ऊन आत येतं, त्यात धूळ तरंगताना दिसते, आणि उन्हाचा पट्टा लाकडी जमिनीवरून हळूहळू सरकत जातो. खेळाडू त्यातून धावताना क्षणभर उजळतो आणि पुन्हा सावलीत जातो. नव्या बंदिस्त स्टेडियममध्ये हे बघायला मिळत नाही. म्हणून म्हणतो, हिंकलला दुपारचाच सामना निवडा.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी होते. पॉपकॉर्नची पिशवी माझ्यापुढे धरली आणि कोर्टाच्या एका जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथून." मला काही कळेना. मग त्यांनी 1954 ची गोष्ट सांगितली. तेव्हा इंडियानात शाळांची एकच स्पर्धा असायची. लहान शाळा, मोठी शाळा असा भेद नाही. मायलन नावाच्या खेड्यातली शाळा, मुलं 161, ती अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेसमोर उभी राहिली, याच छताखाली. चौथ्या डावात बॉबी प्लम्प चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून नुसता उभा राहिला. तेव्हा ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम नव्हता. आणि शेवटच्या क्षणी त्याने उडी मारून चेंडू टाकला. 32-30. त्या शेतकरी आजोबांनी तो सामना दहा वर्षांचे असताना स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला होता. ते सांगत होते आणि समोर बटलरचा सामना चालूच होता. आम्ही दोघांनी बहुधा पाच-सहा बास्केट बघितलेच नाहीत.

याच बटलरचा संघ 2010 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात ड्यूककडून 61-59 असा हरला. गॉर्डन हेवर्डने मध्यरेषेजवळून मारलेला शेवटचा चेंडू रिंगला लागून बाहेर पडला. पुढच्या वर्षी ते पुन्हा अंतिम फेरीत गेले आणि पुन्हा हरले. हिंकलमध्ये कुणाशीही बोलायला लागा, तो चेंडू निघतोच.

भायखळ्याशेजारच्या नागपाड्याचं थोडं सांगतो, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. लहानपणी मी मस्तान वायएमसीए या तरुणांच्या संस्थेच्या कोर्टाबाहेर जाळीला चिकटून उभा असायचो. गल्लीत अब्बास मुंतसिर यांचं नाव देवासारखं घेतलं जायचं. भारताचे कर्णधार, 1970 चे अर्जुन पुरस्कार विजेते, आणि आमच्या नागपाड्याचे! मी स्वतः कधी धड खेळलो नाही, उंचीही नव्हती. पण लाकडी जमिनीवरचा चेंडूचा आवाज ऐकला की मला अजून ती संध्याकाळ आणि रस्त्यावरच्या कबाबांचा धूर आठवतो.

म्हणून कॅन्ससला जायचंच होतं. आमच्याकडून लॉरेन्स गाव नऊ तास, बहुतेक वाट एकाच हमरस्त्याने, सेंट लुइस आणि कॅन्सस सिटी मागे टाकत. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधला, आणि 1898 मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात आले. तिथले पहिले प्रशिक्षक तेच. गंमत म्हणजे कॅन्ससच्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेले एकटे तेच आहेत, 55 विजय आणि 60 पराभव. त्यांनी टाइप करून घेतलेले मूळ 13 नियम आता स्टेडियमला लागूनच असलेल्या इमारतीत काचेमागे आहेत. 2010 च्या लिलावात विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ते 43 लाख डॉलरना घेतले. दोनच कागद, पिवळे पडलेले, हाताने केलेल्या दुरुस्त्यांसह. मी त्यांच्यासमोर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएतून नागपाड्याच्या वायएमसीएत, आणि मी नागपाड्याहून इथे. बायकोने खांद्यावर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं की डोळे भरून आलेत.

कॅन्ससचं ॲलन फील्डहाउस 1955 चं, मी गेलो तेव्हा 16,300 माणसांचं. पाहुण्या संघाची नावं पुकारली जात असताना विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात, जणू यांच्याकडे बघायला आम्हाला वेळ नाही. आपला संघ आला की त्याच कागदाचे कपटे करून हवेत उडवतात. पण मला आठवतो तो 'रॉक चॉक जेहॉक' हा घोष. सामना जिंकल्यात जमा झाला की शेवटच्या मिनिटांत तो सुरू होतो, आणि त्यात आरडाओरडा अजिबात नाही. सोळा हजार माणसं एकेक शब्द लांबवत, खालच्या पट्टीत म्हणतात. आरती संपून मंत्रपुष्पांजली सुरू झाली की मांडवातला आवाज कसा एकदम बदलतो, खाली बसतो, संथ होतो? तसंच. मला शब्दांचा अर्थ नीट माहीत नव्हता तरी उभा राहिलो.

फिलाडेल्फियाचं पॅलेस्ट्रा 1927 चं, पेन विद्यापीठाचं. हे नाव प्राचीन ग्रीकांच्या कुस्तीच्या जागेवरून आलंय, म्हणजे आपल्या भाषेत तालीमच. बाकं कोर्टाला इतकी लागून की खेळाडूचा घाम उडालेला दिसतो. शहरातल्या पाच कॉलेजांची आपसातली भाऊबंदकी इथे अनेक दशकं लढली गेली. तिकडे गेलात तर मध्यंतरात जागेवर बसून राहू नका, बाहेरच्या मार्गिकेत जुने फोटो लावलेत ते बघा.

नॉर्थ कॅरोलायनात ड्यूकच्या कॅमेरन स्टेडियममध्ये 9,314 जागा आहेत आणि मला त्यातली एकही मिळाली नाही. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी विद्यार्थी थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात, ते तंबू तेवढे बघून आलो. पुस्तकं, हीटर, पिझ्झाचे खोके. दोन विद्यापीठांत अंतर जेमतेम दहा मैलांचं. भांडण शेजाऱ्याशीच रंगतं.

मुलीसाठी मात्र सगळ्यात मोठी सफर आयोवा सिटीची ठरली. 2023-24 च्या मोसमात केटलिन क्लार्क या खेळाडूमुळे आयोवा विद्यापीठाच्या महिला संघाची सगळी तिकिटं मोसम सुरू होण्याआधीच संपली होती. आम्ही दुप्पट-तिप्पट पैसे मोजून वरच्या रांगेतली दोन घेतली. कार्व्हर-हॉकआय अरीनात रस्त्यावरून शिरता ते थेट सगळ्यात वर, आणि कोर्ट खाली विहिरीच्या तळाशी दिसतं. रांगेत आमच्या पुढे क्लार्कचा 22 नंबरचा सदरा घातलेली सात-आठ वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या शेजारी तोच सदरा घातलेली तिची आजी. मैदानात मुली खेळतायत आणि पंधरा हजार माणसं उभी आहेत, हे माझ्या मुलीने पाहिलं. परतल्यावर आठवड्याभरात तिने शाळेच्या संघात नाव दिलं. मला वाटतं, मी आजवर जाळलेलं सगळं पेट्रोल त्यात वसूल झालं.

आता तुमच्यासाठी. जानेवारीच्या मध्यानंतर जा म्हणालो, त्याला डिसेंबरातला एक अपवाद आहे. परीक्षेच्या आठवड्याआधीचा शुक्रवार, अपलंड नावाच्या छोट्या गावातलं टेलर विद्यापीठ, तुमच्यापासून दोन तासांच्या आत. या सामन्याला 'सायलेंट नाइट' म्हणतात. मोठ्या गटातलं कॉलेज नाही, टीव्हीवर दिसणारं तर नाहीच. पोरं पायजमे, सांताचे वेश, काय वाट्टेल ते घालून येतात, आणि टेलरचे दहा गुण होईपर्यंत कुणीही तोंड उघडत नाही.

ती शांतता सांगणं अवघड आहे. गच्च भरलेली बाकं आणि ऐकू काय येतं? बुटांचे रबरी चीत्कार, चेंडूचा ठपठप आवाज, प्रशिक्षकाची खाकरणी. एका खेळाडूने दुसऱ्याला हळूच "डावीकडे" म्हटलेलं मी वरच्या रांगेत ऐकलं. सहा झाले. आठ झाले. सगळी पोरं बाकावरून अर्धवट उठलेली, गुडघे वाकवून, ओठ दाबून. माझ्या पुढच्या मुलाने मित्राचा दंड असा धरला होता की बोटं पांढरी पडली. नऊवर फ्री थ्रो, म्हणजे एका गुणाची मोकळी फेक, आला. तो मुलगा रेषेवर उभा राहिला, चेंडू तीनदा आपटला, आणि त्या प्रत्येक आपटण्याचा प्रतिध्वनी छतावरून परत आला. चेंडू जाळीतून गेला आणि इमारत फुटली म्हणा ना! रंगीत केस, टोप्या, शेपट्या, सगळं हवेत. मी बायकोला काही तरी ओरडून सांगत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. शेवटी सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून 'सायलेंट नाइट' हेच नाताळचं गाणं म्हणतात. तिकिटं आधीच संपतात, म्हणून आजच चौकशी करा.

बाकी परड्यूचं मॅकी अरीना तुमच्या दाराशीच आहे. 1967 ची गोल इमारत, वर घुमट. विद्यार्थ्यांनी एकदा सूर धरला की आवाज बाहेर पडायला वाट नाही, कानठळ्या बसतात. 2023 मध्ये परड्यूचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या, म्हणजे तळाच्या, मानांकनाच्या संघाकडून पहिल्याच सामन्यात हरला आणि 2024 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. वेस्ट लाफायेटच्या माणसाला ही दोन वर्षं विचारा आणि चहा गार होऊ द्या. ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठाचं असेंब्ली हॉलही बघा. 1976 मध्ये एकही सामना न हरता विजेता ठरलेला इंडियानाचा संघ तिथलाच. पुरुषांत त्यानंतर कुणालाही ते जमलेलं नाही. मात्र वरच्या बाल्कनीचं तिकीट घेऊ नका, उतार जिन्यासारखा आहे, गुडघ्यांना त्रास होईल. आणि परड्यू विरुद्ध इंडियाना या सामन्याच्या तिकिटांचे भाव बघून घाबरू नका, दुसरा कुठलाही सामना घ्या.

मोठ्या ठिकाणी तिकीट मोबाइलवरच येतं, आणि मोठी पर्स चालत नाही, पारदर्शक पिशवी लागते. काकूंना आधी सांगून ठेवा, नाही तर थंडीत पुन्हा गाडीपर्यंत चालत जावं लागेल. पाऊण तास आधी आत जाऊन बसा. आणि पहिल्या सामन्याला शेजारच्या आजोबांनाच बरोबर घ्या. गाडी तुमच्या मुलाला चालवू दे, त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि विचारा की त्यांनी पाहिलेला पहिला सामना कुठला.