पाणी येण्याआधी

चि. डॉक्टर हिस,
अनेक आशीर्वाद.

चिपळूणच्या रुग्णालयाची जबाबदारी तू घेतलीस, हे वाचून समाधान वाटले. पावसाळ्याची तयारी कोठून सुरू करावी, असे तू विचारले आहेस. छपराची डागडुजी, गटारांची सफाई आणि वादळात उडतील अशा पत्र्यांची बांधणी ही कामे मे महिन्यात होतातच. पण तू पहिल्यांदा वीज ज्या मार्गाने इमारतीत येते, तो मार्ग पायी चालून पाहा.

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही पुरांचे पाणी तुमच्या आवारात कोठवर आले होते, हे तेथील जुन्या माणसांना विचार, भिंतीवर खूण कर आणि मग टेप घेऊन मीटरची खोली, मुख्य पॅनेल, जनरेटर, डिझेलची टाकी, पाण्याचा पंप आणि ऑक्सिजनचा मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडून नळीतून वॉर्डात प्राणवायू सोडणारी जोडणी) यांची उंची त्या खुणेशी ताडून पाहा. यांतील एक वस्तू जरी खुणेखाली असली, तरी बाकीच्या उंचावर असून उपयोग नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. मी काम करत असलेल्या एका रुग्णालयात जनरेटर उंच चौथऱ्यावर कोरडा होता. पण त्याची वीज इमारतीत घेणारा चेंजओव्हर स्विच जिन्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर बसवलेला होता. रात्री दोनच्या सुमारास पाणी तेथे पोहोचले आणि जनरेटर चालू असूनही वॉर्ड अंधारात गेले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला आम्ही पहाटेपर्यंत अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास दिला. एक सिस्टर मोठ्याने आकडे मोजत होती, दर दहा मिनिटांनी हात बदलत होते आणि वॉर्डातली मावशी टॉर्च धरून उभी होती. त्या मावशीचा हात एकदाही हलला नाही, हे मी विसरलेलो नाही.

२०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातही असेच झाले. जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते. पंप बुडाले, तेव्हा माणसांनी रांग करून जिन्यावरून इंधन वर पोहोचवले आणि शेवटी रुग्णालय रिकामे करावे लागले. याउलट २००१ च्या ॲलिसन वादळात मोठे नुकसान सोसलेल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय संकुलाने पूररोधक दरवाजे बसवले आणि २०१७ च्या हार्वे वादळात तेथील बहुतेक काम चालू राहिले.

ऑक्सिजनचा हिशेब स्वतः कर. सुमारे सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर मिनिटाला दहा लिटरने वापरला तर बारा तासही पुरत नाही, आणि रस्ता बंद झाला की पुढची गाडी केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. डायलिसिसच्या एका सत्राला शंभर लिटरहून अधिक शुद्ध पाणी लागते. म्हणून अतिवृष्टीचा इशारा मिळताच त्या रुग्णांना आदल्या दिवशीच बोलावून घे. सर्पदंशावरचे प्रतिविष, टिटॅनसची इंजेक्शने आणि लेप्टोसाठी (पुराच्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) डॉक्सीसायक्लिन वरच्या मजल्यावर ठेव, कारण पाणी ओसरल्यावर खरी गर्दी होते.

रुग्ण हलवण्याचा निर्णय पाणी दारात येईपर्यंत लांबवू नकोस. तुमच्या वाशिष्ठी नदीला उधाणाच्या भरतीचा अडथळा असतो आणि कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सुटणारे पाणीही त्याच नदीत येते. त्यामुळे पावसाच्या अंदाजाइतकेच भरतीच्या वेळापत्रकाकडे आणि कोयनेकडून येणाऱ्या सूचनांकडे लक्ष ठेव. कोणत्या पातळीला कोणता रुग्ण कोठे जाईल आणि तुझ्या गैरहजेरीत हा निर्णय कोण घेईल, हे आजच लिहून कर्मचाऱ्यांच्या खोलीत लाव. रात्रपाळीच्या सिस्टरला तुझ्या फोनची वाट पाहावी लागता कामा नये.

येत्या रविवारी मुख्य वीज तोडून पूर्ण भारावर जनरेटर दोन तास चालव. नुसता सुरू करून बंद करणे ही चाचणी नव्हे. किती डिझेल लागले आणि कोणत्या खोलीत दिवा लागला नाही, ते मला कळव.

तुझा,
सर