हौदावर बोललास ते खरंच होतं

बेटा,
अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून राग आला, म्हणून लगेच लिहायला बसलो नाही. इशानंतर, रात्रीच्या नमाजनंतर, पुन्हा वाचलं तेव्हा राग निवला होता, पण झोप काही आली नाही. का ते पुढे सांगेन.

तू विचारतोस, "सर, मी खोटं काय बोललो?" काहीच नाही. त्या म्हाताऱ्यांची टाच कोरडी राहिली होती, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. टाच कोरडी राहिली तर वुजू, म्हणजे नमाजआधीचं हातपाय धुणं, पुरा होत नाही, हेही खरं. कोरड्या टाचांना आगीचा इशारा देणारी हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती तू फजरच्या, पहाटेच्या नमाजच्या, आधी मशिदीच्या हौदावर, पंधरा माणसांदेखत म्हणून दाखवलीस. आधी अरबी, मग तर्जुमा. त्यांनी काही न बोलता पाय पुन्हा धुतले, नमाज पढली आणि काठी टेकत घरी गेले. त्याला आज तीन आठवडे झाले. ते मशिदीत आलेले नाहीत.

माझं उत्तर काय येणार हे ओळखून तू आधीच लिहून ठेवलंयस की प्रेषितांनीही (स.) हे मोठ्या आवाजातच सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं. प्रवासात नमाजला उशीर झाला होता, लोक घाईघाईने पायांवरून ओला हात फिरवत होते, तेव्हा त्यांनी दोन-तीनदा ओरडून सांगितलं. पण सगळ्यांना मिळून. एकाच्या टाचेकडे बोट दाखवून नव्हे. कुणा एकाचं चुकलेलं कानावर आलं की त्यांची पद्धत काय होती? "लोकांना काय झालंय, असं असं करतात?" नाव घ्यायचे नाहीत. ज्याचं त्याला कळायचं, बाकीच्यांना कळायचं नाही. तू हदीस पाठ केलीस. ती कुणाला आणि कशी सांगितली, तेवढं मात्र मागे राहिलं.

आधी अदब, मग इल्म. आधी माणसाशी वागण्याची रीत, मग ज्ञान; हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलास तरी पत्र खाली ठेवू नकोस.

मस्जिद-ए-नबवीत एक बद्दू, वाळवंटातला भटका माणूस, आला आणि मशिदीतच लघवीला बसला. लोक धावले. प्रेषितांनी त्यांना थांबवलं, त्याचं होऊ दिलं, मग त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. "तुम्हाला लोकांचं सोपं करायला पाठवलंय, अवघड करायला नाही," असं सोबत्यांना म्हणाले. आणि त्या माणसाला जवळ बोलावून सांगितलं, की मशिदी अल्लाहच्या स्मरणासाठी, नमाजसाठी, कुराण वाचण्यासाठी असतात. बस्स. मशिदीत लघवी करणाऱ्याच्या वाट्याला हे आलं. चाळीस वर्षं फजर न चुकवलेल्या माणसाच्या वाट्याला काय आलं?

तुला वाटतं तकब्बुर, गर्व, म्हणजे श्रीमंताचा माज, मोठी गाडी, कडक इस्त्री. हाच प्रश्न एका सहाबींना, प्रेषितांच्या सोबत्याला, पडला होता. ज्याच्या मनात कणभर तकब्बुर आहे तो जन्नतमध्ये जाणार नाही, हे ऐकून त्यांनी विचारलं की माणसाला चांगले कपडे, चांगल्या चपला आवडतात, त्याचं काय? उत्तर मिळालं: अल्लाह सुंदर आहे, त्याला सौंदर्य आवडतं, तकब्बुर म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. दोन गोष्टी आहेत बघ. पहिलीवर तू डोळ्यांत तेल घालून पहारा देतोस, सत्य कुणी नाकारू नये म्हणून भांडतोस. दुसरी तुझ्याच दारातून आत आली आणि तुला चाहूलसुद्धा लागली नाही. सत्य हातात धरूनच माणूस लोकांना तुच्छ लेखायला लागतो. इब्लिस, सैतान, तोसुद्धा अल्लाहला नाकारत नव्हता. "मी याच्यापेक्षा चांगला आहे," एवढंच म्हणाला होता.

आता झोप का आली नाही ते.

1974 साली मी एकोणीस वर्षांचा होतो. मुंबईला एका मौलवीसाहेबांकडे सहा महिने तजवीद, म्हणजे कुराणाचे शुद्ध उच्चार, शिकून गावी आलो होतो. अरबीतला काफ कुठला, क़ाफ कुठला, पहिला जिभेच्या मागच्या भागातून, दुसरा त्याहून आतून. नवा कोट घातल्यासारखा ते ज्ञान घालून फिरत होतो. माझे अब्बा खलाशी. आयुष्य बोटीवर गेलेलं, कुराण शिकले ते लहानपणी गावच्या मकतबात. त्यांच्या तोंडात सगळे काफ सारखेच. शेजारी मयत झाली होती, तिसऱ्या दिवशी कुराणातली सूरह यासीन वाचायला माणसं जमली. अब्बा वाचत होते. मी एकदा टोकलं. त्यांनी सुधारून घेतलं. पुढच्याच आयतीला पुन्हा टोकलं. कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा टोकल्यावर त्यांनी कुराण मिटलं, कपाळाला लावलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू वाच."

मी वाचलं. फार सुंदर वाचलं. लोकांनी तारीफ केली.

त्यानंतर अब्बांनी कधीही मोठ्याने कुराण वाचलं नाही. 1991 ला गेले. सतरा वर्षं पडवीत बसून नुसते ओठ हलवत वाचायचे. आई म्हणायची, पूर्वी समुद्रावरून आले की यांच्या आवाजाने घराला जाग यायची. आणि हजरत आयेशांनी सांगितलेली ती हदीस मला कधी सापडली माहीत आहे? अब्बा गेल्यावर. जो अडखळत वाचतो, ज्याला वाचणं जड जातं, त्याला दुहेरी सवाब, दुहेरी पुण्य. दुहेरी! माझ्या क़ाफला एक आणि त्यांच्या काफला दोन. मी त्यांची माफी मागितली नाही. रोज मनात यायचं, रोज वाटायचं की ते विसरले असतील. ते विसरले नव्हते, हे मला आज अगदी स्पष्ट दिसतंय.

म्हणून सांगतो, आधी अदब, मग इल्म. हे माझं नाही. इमाम मालिक लहान होते तेव्हा त्यांच्या आईने त्यांना चांगले कपडे घातले, डोक्याला पगडी बांधली आणि मदिनेतल्या रबीआ या आलिमांकडे पाठवताना सांगितलं: त्यांच्या इल्मच्या आधी त्यांचा अदब शीक. अब्दुल्लाह इब्न मुबारक म्हणत, तीस वर्षं अदब शिकलो आणि वीस वर्षं इल्म. मी गणिताचा मास्तर, मला आकडे दिसतात. तू दोन वर्षं पुण्यात राहून, ऑफिस सांभाळून, रात्री फोनवर तकरीरी, धार्मिक भाषणं, ऐकून जे मिळवलंस त्याला मी कमी म्हणत नाही. आजकालची पोरं रात्री फोनवर काय बघतात ते मला ठाऊक आहे, त्यात तू हदीस ऐकतोस याचा मला अभिमान आहे. पण हिशेब मांड. वीसच्या खात्यात तुझं थोडंफार जमलंय. तीसचं खातं उघडलंस का?

त्याच इमाम मालिकांना एकदा अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले गेले. त्यातल्या बत्तीस प्रश्नांना त्यांनी "मला माहीत नाही" म्हटलं. दोन तृतीयांश. मदिनेचे इमाम! आणि तू पत्राच्या चौथ्या ओळीत लिहितोस की आपल्या मशिदीत फजरला कुनूत, म्हणजे नमाजमध्ये उभ्याने केलेली दुआ, पढतात त्याला "काही आधार नाही". आधार नाही? आपण कोकणातले शाफई आहोत बाळा. तुझे आजे-पणजे कुनूत पढत आले ते इमाम शाफईंच्या मसलकाप्रमाणे, त्यांच्या धर्मशास्त्राच्या शाखेप्रमाणे. तू ज्यांचं ऐकलंस ते हनफी, इमाम अबू हनीफांच्या शाखेचे, असतील, त्यांच्याकडे फजरला कुनूत नाही, त्यांचंही बरोबर. दोन्हींकडे दलील आहे, हे शोधायला तुला एक दिवस पुरला असता. स्वतः इमाम शाफईंबद्दल सांगतात की बगदादला इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ त्यांनी फजर पढली तेव्हा कुनूत सोडलं, त्या कबरीतल्या माणसाच्या अदबापोटी. जो इमाम कुनूत सुन्नत मानतो, तो एका मयत आलिमाचा एवढा मान राखतो. आणि आपण जिवंत म्हाताऱ्याचा राखू शकत नाही? शाफई म्हणत, मी ज्याच्याशी वाद घातला, त्याच्याच तोंडून सत्य बाहेर यावं असं मला वाटायचं. तुला कधी वाटलंय असं? वाद घालताना, समोरचा जिंकावा असं? मला तर साठीपर्यंत वाटलं नव्हतं.

अबू हनीफांची गोष्ट मी वर्गात सांगायचो, तू ऐकली असशील. कूफ्यात त्यांच्या शेजारी एक चांभार राहायचा. दिवसभर काम, रात्री दारू, आणि मग गाणं: मला लोकांनी गमावलं, केवढ्या तरुणाला गमावलं! इमामसाहेब रात्र रात्र नमाज पढत आणि भिंतीपलीकडून ते गाणं ऐकत. एका रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तर पहारेकऱ्यांनी त्याला पकडून नेलं होतं. फजर पढून ते खेचरावर बसले, थेट अमीराकडे गेले आणि त्याला सोडवून आणला. घराशी आल्यावर त्याला म्हणाले, "काय रे, आम्ही गमावलं का तुला?" तो म्हणाला, नाही, तुम्ही सांभाळलंत. त्याने तौबा केली. आता तू मला सांग, दारू हराम आहे ही आयत अबू हनीफांना पाठ नव्हती का? मुस्लिम जगातला एवढा मोठा फकीह, धर्मशास्त्राचा जाणकार, भिंतीपलीकडच्या दारुड्याची दखल घेतो ती त्याचा आवाज आला नाही म्हणून. तीन आठवडे फजरला त्या काठीचा आवाज येत नाही. तुझ्या कानाला ते जाणवलं का, की इतरांनी सांगितल्यावर कळलं?

हे लिहिताना माझा आवाज चढलाय, मला ठाऊक आहे. चढू दे. तू परका असतास तर दोन ओळी लिहून मोकळा झालो असतो.

गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्या कानावर असेलच. सर कधी कुणाला टोकत नाहीत, सर कमिटीवर येत नाहीत, सर सगळ्यांचेच. एकाने तोंडावर सांगितलं, "तुमच्या गोडव्यात दीन बुडतोय." एका घराला वाळीत टाकायचं ठरलं, रोजे ठेवत नाहीत म्हणून, तेव्हा मी सही केली नाही. त्यावरून दोन ईद माझ्याशी कुणी धड गळाभेट घेतली नाही. मला भित्रा म्हणाले. मी भित्रा नाही. माझ्या बहिणीचा वाटा हे माझं उत्तर आहे. अब्बा गेल्यावर आंब्याची बाग आम्ही भावांनीच वाटून घ्यायची, असं भावांच्या मनात होतं. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा लिहिलेला आहे, मुलाच्या निम्मा, तो अल्लाहने ठरवलेला. मी चारचौघांत एक शब्द बोललो नाही. एकेका भावाच्या घरी रात्री जायचो, चहा प्यायचो, पोरांचा अभ्यास घ्यायचो, आणि उठताना दारात विषय काढायचो. एकाने दोन वेळा घराबाहेर काढलं. तिसऱ्या वेळी गेलो. चार वर्षं लागली, पण बहिणीच्या नावावर झाडं लागली आणि चारही भावंडं आजही एका ताटात जेवतात. हौदावर ओरडलो असतो तर त्याच दिवशी आयत जिंकली असती, आणि बहिणीचं माहेर गेलं असतं. गप्प बसणं म्हणजे अदब नव्हे, बेटा. माझ्याइतकं चिवटपणे खरं बोलून दाखव, मग मला भित्रा म्हण.

तू शेवटी लिहिलंयस की तुझी नियत साफ होती. असेल. इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते, तीनशे शागिर्द होते, खलिफाच्या दरबारात मान होता. त्यांनी स्वतःची नियत तपासली आणि त्यांना दिसलं की हे शिकवणं अल्लाहसाठी नाही, नावासाठी आहे. वर्गात उभे राहिले की जीभ उचलेना. 1095 मध्ये सगळं सोडून ते दमास्कसला निघून गेले. गझालींना जे तपासायला महिने लागले, ते तुझं हौदावर अर्ध्या मिनिटात तपासून झालं? मी यासीन वाचली तेव्हा माझीही नियत साफ आहे असंच वाटत होतं. त्या तारिफेचा आनंद मला अजून आठवतो. अब्बांचा चेहरा आठवायला मात्र मला प्रयत्न करावा लागतो, कारण तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

प्रेषितांनी तीनदा छातीकडे हात केला: तक्वा, अल्लाहची भीती मनात ठेवून वागणं, इथे आहे. आणि त्याच हदीसमध्ये पुढे आहे की माणूस वाईट ठरायला त्याने आपल्या मुसलमान भावाला तुच्छ लेखणं एवढं पुरेसं आहे. टाच दिसते, छातीतलं दिसत नाही. आधी अदब, मग इल्म.

फोनवरून माफी मागू नकोस. मशिदीतही नको, तिथे पुन्हा माणसं जमतील. शनिवारी येतोयस ना, दुपार टळताना अस्रची नमाज झाल्यावर त्यांच्या घरी जा. हदीसचा विषय काढू नकोस, "माझं म्हणणं बरोबर होतं पण" असं तर अजिबात नको. आईला सांदणं करायला सांग, ती घेऊन जा. ते काही बोलणार नाहीत, चहा विचारतील, थांब, पी. सूर्यास्तानंतरच्या मगरिबची वेळ झाली की पाण्याचा तांब्या तू उचल आणि त्यांच्या पायावर तू पाणी घाल. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, म्हणून टाचेपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. हे मला ठाऊक होतं. हौदावर असतो तर तुला सांगितलं असतं.

त्यांच्या अंगणातली दुसरी पायरी निखळलेली आहे. परतताना अंधार होईल, बॅटरी ने.

तुझा,
सर