मेहेत्रे, म्हातारा आणि बेहत्तर

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका मेहेत्रे आडनावाच्या तरुणाने विचारले आहे : "आडनावाचा अर्थ 'झाडूवाला' असा सांगून मित्र चिडवतात. घरी मात्र सांगतात की पूर्वी माळ्यांच्या जमातीचा कारभार मेहेत्र्याकडे असे. खरे काय, आणि तो कारभार चालायचा कसा?"

घरचे म्हणतात तेच खरे. मेहेत्रा म्हणजे जमातीचा किंवा धंद्याचा पुढारी. पाटील गावाचा, मेहेत्रा आपल्या लोकांचा. आणि झाडूकाम करणाऱ्यांना 'मेहतर' म्हटले गेले, तो शब्दही मुळात मानाच्या पदवीचाच. फारसीत मेहतर म्हणजे अधिक मोठा, सरदार. आज पाकिस्तानात असलेल्या चित्रालच्या राजाची पदवीच 'मेहतर' होती. या शब्दाने कुणाला हिणवणाऱ्यांना ना शब्द कळतो, ना माणूस.

आता मला खरी गंमत वाटते ती पुढे. फारसी 'मेह' म्हणजे मोठा, त्याला 'तर' लागला की मेहतर. बेहतर, कमतर यांतला 'तर' तोच. आपण 'बेहत्तर आहे' म्हणतो त्यातलाही तोच. संस्कृतात महत् अधिक तर, महत्तर. हे दोन शब्द एकमेकांकडून उसने घेतलेले नाहीत; दोघांतला 'तर' मात्र एकाच घरातला आहे. आणि महत्तरापासून मराठीत काय आले? म्हातारा! वय हा त्या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे. आधी 'अधिक मोठा', मग 'वडीलधारा', मग नुसता वयाने वाकलेला. थोर आणि थोरला यांत मोठेपण आणि वय असेच शेजारी बसले आहेत. वऱ्हाडात आपण बापाला 'बुढा' म्हणतो तो वृद्धापासून, आणि वृद्ध म्हणजे मुळात वाढलेला.

राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत राष्ट्रपती (प्रांताचा अधिकारी), विषयपती (जिल्ह्याचा), ग्रामकूट (गावचा) अशी अधिकाऱ्यांची रांग येते, तिच्यात महत्तरही असतात. हे दूरच्या मुलखातले राजे नव्हेत. त्यांचे ताम्रपट वर्ध्याजवळच्या देवळीत आणि चंद्रपूरकडच्या भांदकात सापडले आहेत. म्हणून 'मेहेत्रा हा मुसलमानी अमदानीत आलेला शब्द' असे ठासून सांगणारे अभ्यासक मला मुळीच पटत नाहीत. राज्य बदलले की शेतकऱ्यांनी आपला म्होरक्याही नवा आणला, असे यांना वाटते की काय? माझे मत असे : पद जुन्या महत्तराचे, त्यावर 'मे'चा उच्चार चढला तो फारसीचा. नुसत्या फारसीने पदाचा जुनेपणा उलगडत नाही, नुसत्या संस्कृताने तो 'ए' उलगडत नाही. एका व्याख्यानात तर 'मेहापासून, म्हणजे पावसापासून, त्राण करणारा' अशी फोड ऐकली. माळी पावसाची वाट पाहतो की पावसापासून पळतो, एवढा तरी विचार करायचा!

कारभाराचे राहिलेच. गौतमधर्मसूत्र या जुन्या कायद्याच्या ग्रंथात कर्षक, वणिक, पशुपाल, सावकार आणि कारागीर यांना आपापल्या वर्गाचे नियम ठरवण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्या यादीत पहिले नाव कर्षकाचे, म्हणजे शेतकऱ्याचे. याज्ञवल्क्यस्मृती हा तसाच दुसरा ग्रंथ; ती समूहाचे काम पाहणाऱ्यांना 'कार्यचिन्तक' म्हणते; ते धर्म जाणणारे, शुचि (चोख वागणारे) आणि अलुब्ध (लोभ नसलेले) असावेत असे सांगते. समूहाच्या हिताचे बोलणाऱ्याचे वचन सर्वांनी पाळावे, उलट वागेल त्याला दंड. म्हणजे मान वचनाला होता, आणि तोही ते सगळ्यांच्या हिताचे असेल तरच. 'अलुब्ध' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पाण्याची पाळी आधी आपल्या वावरात वळवणाऱ्याचे कोण ऐकेल?

लेखनाचे म्हणाल तर मेहेत्रे, मेहत्रे, म्हेत्रे ही तिन्ही रूपे चालतात. पद मेहेत्रा, आडनाव मेहेत्रे; जसे काळा आणि काळे.