लिंगभाव आणि सुरक्षा या विषयातील पीएचडी मार्गदर्शिकेचा एच-इंडेक्स कमी असेल, तर तिच्या संशोधनाचा प्रभाव कमी समजावा का?

तुम्ही विचारले आहे की, ज्या प्राध्यापिकेकडे तुम्हाला पीएचडीसाठी नोंदणी करायची आहे, त्यांचे काम लिंगभाव, सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयावर आहे, परंतु त्यांचा एच-इंडेक्स जेमतेम चार (म्हणजे चार प्रकाशनांचा प्रत्येकी किमान चार ठिकाणी उल्लेख) असल्यामुळे मित्र तुम्हाला परावृत्त करत आहेत. मी नागपुरात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि याच विषयावर आयुष्यभर लिहिले. माझे मत असे आहे की, त्या आकड्यावरून निर्णय घेणे चूक आहे.

हा निर्देशांक 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. भौतिकशास्त्रात लेख लहान असतात, वारंवार निघतात आणि लेखकही अनेक असतात. आपल्या विषयात दहा वर्षे खपून एक पुस्तक होते, आणि त्याचा हजार ठिकाणी उल्लेख झाला तरी एच-इंडेक्समध्ये त्याची भर एकाचीच पडते. सिंथिया एन्लो या अमेरिकन स्त्रीवादी अभ्यासक; त्यांनी 1989 साली ‘बनानाज, बीचेस अँड बेसेस’ या पुस्तकात लष्करी तळांभोवतीच्या स्त्रिया, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या पत्नी आणि केळीच्या मळ्यांतील कामकरणी यांना आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या चौकटीत आणून बसवले आणि ‘यात स्त्रिया कुठे आहेत?’ हा प्रश्न अभ्यासशाखेच्या गळी उतरवला. मराठीत लिहिलेले तर या मोजणीत बहुधा येतच नाही, आणि माझे दुखणे नेमके तेच आहे.

2013 साली माझी कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेची, मुलाखत झाली. तेव्हा पदोन्नतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण लागत. माझे मराठी लेख शून्य गुणांचे ठरले, कारण ज्या दिवाळी अंकांत ते आले होते त्यांना आयएसएसएन (नियतकालिकांना मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नव्हता. समितीतील एका तज्ज्ञांनी फाईल मिटता मिटता विचारले, “मॅडम, परराष्ट्र धोरणाशी बायकांचा संबंध काय?” त्यांच्या स्वरात कुतूहल नव्हते. ज्या लेखावर त्यांनी बोट ठेवले होते, तो केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या स्त्रियांच्या तुकडीविषयी होता. ही तुकडी 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत लायबेरियाला गेली आणि अशा मोहिमेतील ती पहिलीच संपूर्ण महिला पोलीस तुकडी ठरली. परराष्ट्र धोरणाशी याहून थेट संबंध कोणता असू शकतो, हे मला आजही समजलेले नाही.

त्याच लेखाचा अंक हाती घेऊन, मुलाखतीच्या आधीच्या हिवाळ्यात, एक बाई पोलीस लाईन टाकळीहून माझ्या घरी आल्या होत्या. त्यांचे यजमान तेव्हा गडचिरोलीला नेमणुकीवर होते. लायबेरियाला गेलेल्या स्त्रियांची मुले मागे कोणी सांभाळली, हे मी लेखात एका परिच्छेदात विचारले होते, आणि तेवढा एकच परिच्छेद त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केला होता. बातम्या लागल्या की मुलांसमोर टीव्ही बंद करणे, फोन लागला नाही तर सासूबाईंना ‘आत्ताच बोलणं झालं’ असे सांगणे, हे सगळे त्यांनी कोणतीही तक्रार न करता सांगितले आणि शेवटी विचारले, “त्यायची ड्युटी कागदावर रायते मॅडम, आमची कुठं रायते?” एन्लो यांनी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या पत्नींच्या बिनपगारी श्रमांविषयी जे लिहिले, त्याच जागी या बाई स्वतःच्या वाटेने पोहोचल्या होत्या. त्या प्रश्नावरून माझ्या एका विद्यार्थिनीने पुढे एमएचा लघुप्रबंध लिहिला. उद्धरणे मोजणाऱ्या गूगल स्कॉलरवर यातले काहीही दिसत नाही. मी मात्र याला प्रभाव म्हणते, आणि हा शब्द मागे घेण्याची माझी तयारी नाही.

मोठ्या पातळीवरही प्रभावाचा माग काढणे सोपे नसते. 31 ऑक्टोबर 2000 रोजी सुरक्षा परिषदेने ठराव 1325 संमत केला आणि स्त्रिया, शांतता व सुरक्षा हा विषय प्रथमच स्वतंत्र ठरावाच्या रूपाने तिथे आला. त्यामागे स्त्री संघटनांचा रेटा होता, अभ्यासकांची वर्षानुवर्षांची मांडणी होती आणि युद्ध सोसलेल्या स्त्रियांच्या साक्षी होत्या. यातला कोणता टक्का कोणाच्या नावावर लिहायचा?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. एका बाईंची भेट म्हणजे धोरणबदल नव्हे, आणि मराठीत लिहितो म्हणून उद्धरणे नाहीत, ही सबब पुढे करून काहीच न लिहिणारेही मी पाहिले आहेत. शिवाय नोकरीच्या अर्जात तुम्हाला आकडे लागतीलच, म्हणून इंग्रजीतही दोन-तीन चांगले लेख लिहा. मार्गदर्शिकेला भेटाल तेव्हा त्यांची पुस्तके आधी वाचून जा, त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे काय लिहिले ते पाहा आणि लिहिण्यापूर्वी त्या कोणाकोणाशी बोलल्या, हे विचारा.

आरआरसीसमोर, म्हणजे पीएचडीचा विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, तुम्हालाही ‘बायकांचा संबंध काय’ असे कोणी विचारलेच, तर वास्तववादी विचारवंत मॉर्गेन्थाऊची राजकीय वास्तववादाची जी सहा तत्त्वे आपण एमएला पाठ करतो, ती अ‍ॅन टिकनर यांनी 1988 सालीच स्त्रीवादी दृष्टीने तपासून नव्याने मांडली आहेत, हे शांतपणे सांगा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. मी 2013 साली हेच उत्तर दिले होते. इतिवृत्तात त्याचा एक शब्दही नाही.