स्त्रियांनी उभी केलेली आणि विद्यापीठांच्या इमारतींसाठी नावाजलेली आर्किटेक्चर फर्म कोणती?

डब्लिनची ग्राफ्टन आर्किटेक्ट्स. इव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा या दोघींनी १९७८ मध्ये आणखी काही सहकाऱ्यांबरोबर ती सुरू केली. २०२० चं प्रित्झकर पारितोषिक, म्हणजे आर्किटेक्चरमधला जगातला सर्वात मोठा मान, दोघींना मिळून मिळालं. (हाच मान २०१८ मध्ये आपल्या पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना मिळाला होता.)

त्यांचं एकच काम बघायचं असेल तर पेरूमधल्या लिमाची यूटेक ही इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटी बघा. एका बाजूला वाहता हायवे, दुसऱ्या बाजूला बारांको भागातली बैठी घरं. हायवेकडची बाजू काँक्रीटच्या उंच, कललेल्या चौकटींची, एखाद्या कड्यासारखी. घरांकडची बाजू मात्र झाडं लावलेल्या गच्च्यांच्या पायऱ्यांनी खाली उतरत जाते. लिमात पाऊस जवळपास पडतच नाही, हवाही सौम्य, म्हणून जिने आणि व्हरांडे सरळ उघडेच ठेवलेत. मुलं एका वर्गातून दुसऱ्यात जाताना मोकळ्या हवेत असतात. हवामान इतकं नीट वाचलेली कॉलेजची इमारत माझ्या तरी पाहण्यात नाही. २०१६ मध्ये तिला रिबाचं (ब्रिटनमधल्या आर्किटेक्ट्सची संस्था) पहिलं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

त्याआधी मिलानच्या बोकोनी विद्यापीठाच्या इमारतीने (२००८) त्यांना जगभर नाव मिळवून दिलं. लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठातलं टाउन हाउसही चुकवू नका. तिथे लायब्ररी आणि नृत्याचे स्टुडिओ एकाच छपराखाली आहेत आणि गावातल्या लोकांनाही आत यायला मुभा आहे. त्याला २०२१ चं स्टर्लिंग पारितोषिक, म्हणजे रिबाचा ब्रिटनमधल्या सर्वोत्तम नव्या इमारतीसाठीचा मान, मिळालं.