चिखल टाळू नका, चिखलातूनच जा

प्रश्न : आमच्या भागातल्या राखीव रानात मी रोज सकाळी फिरायला जातो. गेल्या महिन्यात तिथली ओढ्याकाठची पायवाट दोरी बांधून बंद केली. शेजारी आडवं पडलेलं झाड मात्र कुणी हलवत नाही. कुत्रा न्यायचा तर साखळीतच, वर त्याची घाणही आपणच उचलायची. ताई, हे रान लोकांसाठी राखलंय की लोकांपासून?

उत्तर : दोन्ही, आणि सगळी ओढाताण तिथेच आहे. अशाच एका रानात मी सतरा वर्षं वाटा सांभाळल्या, त्यामुळे दोरी बांधणाऱ्याची बाजू मला जरा जास्त कळते.

वाट बिघडते कशी, ते बघा. पायाखाली माती दबली की तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात, पाणी मुरेनासं होतं आणि वाटेवरूनच वाहू लागतं. बारीक माती जाते, मुळं उघडी पडतात, खोलगट जागी डबकं साचतं. मग पहिला माणूस बूट वाचवायला डबक्याच्या कडेने जातो, दुसरा त्याच्याही कडेने. दोन हात रुंदीची वाट एका पावसाळ्यात सात हात झालेली मी मोजली आहे. शिकलेली, रानावर प्रेम करणारी माणसंच हे करतात!

‘एकाच वाटेवर गर्दी कशाला, पांगून चालू’ असं बरेच जण सुचवतात. वर्दळीच्या रानात ते उलटं पडतं. कोऱ्या जमिनीचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होऊन जातं; नंतरच्या शेकडो पावलांनी त्यात तुलनेने कमीच भर पडते. म्हणून जी वाट मळलेली आहे तिच्याच मधून, चिखलातून चालायचं.

दुरुस्तीत मीही चुकले आहे. पाणी वाटेबाहेर काढायला दगडांची ओळ घालतात. ती मी पहिल्या वर्षी अगदी काटकोनात घातली. दुसऱ्याच पावसात तिच्यामागे गाळ भरला आणि पाणी वरून उड्या मारत गेलं. ओळ तिरकीच हवी. बंद वाटेच्या तोंडाशी पाटीपेक्षा काटेरी फांद्या बऱ्या. पाटी लोक वाचतात आणि पुढे जातात.

पडलेल्या झाडाला हात लावू नका. साल सुटलेली असेल तिथे वाकून बघा : लाकडावर भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी कोरलेल्या नागमोडी रेघा दिसतील. फिनलंडच्या जंगलांत चार-पाच हजार जाती मेलेल्या लाकडावर अवलंबून असल्याचा अंदाज आहे, म्हणजे तिथल्या वनजातींपैकी पाव हिश्श्याच्या आसपास. मात्र तेच झाड वाटेवर कलंडायच्या बेतात असेल तर रखवालदाराला जरूर सांगा.

आता कुत्रा. साखळी मुख्यतः जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी. कुत्र्याने अंड्यांना तोंड लावलं नाही तरी पक्षीण उठते, आणि तेवढ्यात अंडी उघडी पडतात. घाणीचा हिशेब बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या राखीव रानांत काढला गेला आणि 2022 साली प्रसिद्ध झाला : कुत्र्यांमुळे दर हेक्टरी वर्षाला सुमारे 11 किलो नायट्रोजन आणि 5 किलो फॉस्फरस. शेतकऱ्याला हे खत चालेल, पण रानात अशा खतावर मोजक्या दांडग्या वनस्पती माजतात आणि नाजूक फुलझाडं दबून जातात. घाण उचलली तर फॉस्फरस जवळपास सगळा टळतो. नायट्रोजन अर्ध्याच्या आसपासच, कारण मूत्र कोण उचलणार?

बूट बरबटतात, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. ते घरी नेऊन धुऊ नका, रानाच्या फाटकाशीच झाडा. तळव्याला चिकटलेल्या बिया मग भलत्या ठिकाणी रुजायच्या नाहीत.